खंडेनवमीचा टिळा

मायक्रोस्कोपांना इंदुबाई 'म्हातारे' म्हणायची. नाव तिच्या नवऱ्यानं ठेवलेलं. कमळाकर म्हणायचा, "मान खाली घालून बसतात, दुसऱ्याच्या बारीक गोष्टी निरखतात, आनि उचलून ठेवल्याबिगर जागचे हालत नाय. म्हातारे नाय तर काय?"

कमळाकर निडीचा. घरची भातशेती भावाकडं, हा रोह्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई. कॉलेजचं मुख्य ठाणं पेणला, रोह्याला शाखा. पेणला तीन मजली इमारत, वर काचेच्या खिडक्या. रोह्याला कौलारू बैठी चाळ आणि मागं काजूची झाडं. पेणवाले रोह्याला 'आपली शाखा' म्हणत, ते धाकट्या जावेला 'आमची बाय' म्हणतात तसं. तोंडानं गोड, कामाला पुढं.

कमळाकर काविळीनं गेला. गावठी औषध झालं, झाडपाला झाला, डॉक्टर शेवटी झाला, आणि तोवर डोळे हळदीसारखे झाले होते. त्याच्या जागी इंदुबाईला घेतलं. आधी तिला वाटलं, बरण्यांतले साप बघून आपला जीव जाईल. मग सवय झाली. फॉर्मालिनचा वास हाताला बसला. निडीच्या गाडीत शेजारच्या बाया नाक मुरडत, तेव्हा ती म्हणायची, "घरी जाऊन सुकट भाजते, मंग हा वास पन वास नाय वाटत."

नवऱ्याची एक रीत तिनं मोडली नाही. खंडेनवमीला शेतकरी नांगर पुजतो, सुतार करवत पुजतो. कमळाकर मायक्रोस्कोप पुजायचा. काचेला काही लागायला नको म्हणून प्रत्येकाच्या बुडाशी, पायाच्या कडेला, तेलात कालवलेल्या हळदकुंकवाचा टिळा. तो टिळा हातानं पुसायचा नाही, झिजून जाईल तेव्हा जाईल, असा त्याचा नेम. तेलातला टिळा धातूला असा धरायचा की पुढची खंडेनवमी आली तरी जुन्याची सावली उरलेली.

कमळाकर गेल्यावर पंचाईत झाली. इंदुबाई विधवा. कुंकवाला बोट लावायचं नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. दहाव्याला बायांनी धरून कपाळ पुसलं तेव्हाच ते सांगून झालं होतं. मग दर खंडेनवमीला ती वर्गातल्या एखाद्या पोरीला बोलवायची. गेल्या खंडेनवमीला कॉलेज निम्मं रिकामं. प्रॅक्टिकलची वही पुरी करायला एकटी इकरा आली होती. खांब गावची पोर, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला, प्राणिशास्त्राची भारी हौस. सुट्टीत घरी मेलेला खेकडा उघडून बसायची म्हणून तिची आई मलिका डोकं धरायची.

इंदुबाई करंडा घेऊन घुटमळत होती. इकरा म्हणाली, "मी लावू का मावशी? चालंल?"

"चालाया काय झालं? म्हातारे इचारतात काय, बोट कोनाचं म्हनून?"

"अब्बांना फोटो पाठवते. त्यांचेच म्हातारे."

ते खरंच होतं. इकराचा बाप अस्लम याच रोह्याच्या कॉलेजात होता. बारावीला लटकला आणि आखातात गेला. पण तिथं इकडच्या पोरांना जमवून त्यानं रोह्याला मायक्रोस्कोप पाठवले. म्हणाला होता, "आमच्या वक्ताला सायन्स पेणलाच व्हतं. खांबवरनं पेण कोन गाठनार? पोरींना तरी रोह्यात मिळू दे." ते आले म्हणून रोह्याला सायन्सचा वर्ग निघाला. दारावर त्याच्या मंडळाचा पत्र्याचा फलक लागला. खांब, कोलाड, सुतारवाडीकडच्या पोरी मिनीडोरमध्ये कोंबून येऊ लागल्या. तेव्हा कमळाकर होता. पेटाऱ्यातून एकेक म्हातारा त्यानं लेकरू काढावं तसा काढला होता.

वालाच्या शेंगा भरल्या, शेतात मडक्यात वाल भाजायच्या पोपट्या लागायला लागल्या, त्या थंडीत कॉलेज तपासायची कमिटी येणार म्हणून ठरलं. पहिल्या दिवशी पेण, दुसऱ्या दिवशी रोहा. दोन्ही मिळून कॉलेजला श्रेणी मिळणार. पेणहून मितेश सर यायला लागले. सगळी तयारी त्यांच्याकडं. माणूस गोड बोलायचा, इंदुबाईलासुद्धा 'मावशी, जेवलात का' विचारल्याशिवाय कामाचं काढायचा नाही. भिंतींना रंग आला. रंगवाल्यानं दारावरचा पत्र्याचा फलक काढला, तो परत लावायचा राहिला आणि कपाटामागं गेला. संडासाला कडी लागली. पोरी म्हणाल्या, "कमिटी दर महिन्याला येऊ दे."

मग मितेश सर म्हणाले, "नम्रता मॅडम, तुमचे मायक्रोस्कोप एक दिवस पेणला द्या. आमचे जुने झालेत, काचांना बुरशी. पहिला दिवस झाला की संध्याकाळी टेंपोनं परत."

नम्रता मॅडम रोह्याच्या सायन्सच्या प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, वर्षाच्या करारावर. दर जूनला नवा कागद पेणहून येणार तेव्हा मॅडम पुढच्या वर्षाला मॅडम. त्या म्हणाल्या, "हो सर."

इंदुबाईलाही त्यात वावगं वाटलं नाही. गावात पाहुणा आला की शेजारचं तपेलं येतंच. मुलगी बघायला माणसं येणार म्हटल्यावर निम्म्या आळीच्या खुर्च्या एका ओटीवर जमतात, आणि पाहुण्यांनाही ते ठाऊक असतं. तपेल्यावर नाव कोरलेलं असतं, काम झालं की ज्याचं त्याच्या घरी जातं. तिनं आपली जुनी लुगडी आणली, एकेक म्हातारा गुंडाळला. मितेश सरांचा फोन आला, "मावशी, चकाचक पुसून पाठवा हां. बारीकसासुद्धा डाग नको."

"व्हय सर."

तिनं काचा पुसल्या, माना पुसल्या, पाय पुसले. बुडाचा टिळा मात्र तसाच ठेवला. तो काय डाग नव्हता.

जनू टेंपोवाला म्हातारे घेऊन पेणला गेला. दुसऱ्या दिवशी सांजेला घेऊन आला. इंदुबाईनं लुगडी सोडली तर बाजूची 'रोहा' लिहिलेली चिठ्ठी सगळ्यांची गेलेली, नुसता गोंदाचा चिकटा. ती म्हणाली, "नाव खरवडलं काय रं?"

जनू म्हणाला, "मी गाडी चालवतंय. नावं ठेवायचं काम माजं नाय." आणि तंबाखू चोळत निघून गेला.

कमिटी आली तेव्हा पोरी पांढरे कोट घालून टेबलाशी उभ्या. कमिटीत तिघं. त्यातली एक बाई कुठल्या लांबच्या मुलखातली, हिंदी बोलणारी, केस पिकलेले, पायात साधी चप्पल. इतर दोघं चहाकडं बघत होते. ही बाई मात्र सगळं हात लावून बघत होती. इकराच्या टेबलाशी थांबली. काचेखाली कांद्याचा पापुद्रा होता. वाकून बघितला, "बहुत अच्छा" म्हणाली. इकराचा चेहरा असा फुलला की इंदुबाईला वाटलं, झालं, जिंकलं.

मग बाईनं मायक्रोस्कोप जरा तिरका केला. बुडाशी लाल टिळा.

तिनं शेजारचा तिरका केला. टिळा. त्याच्या पुढचा. टिळा. कंबर सरळ केली आणि हळूच म्हणाली, "ये निशान तो मैंने कल पेण में देखा था."

नम्रता मॅडमनी बरणीतल्या सापावरचं लेबल वाचायला घेतलं. इंदुबाई मनात म्हणाली, बरं झालं. आता सर सांगतील, काल आम्ही नेले होते म्हणून. खोटं उघडं पडलं की माणूस खरं बोलतो, असं तिला वाटायचं. मितेश सर पुढं झाले. चेहरा लोण्यासारखा.

"बरोबर ओळखलंत मॅडम," असं हिंदीत म्हणाले. "मुख्य कॉलेजची साधनं आम्ही शाखेला वापरायला देतो. लहान शाखेवर वेगळा खर्च कशाला? आमची ती पद्धतच आहे." मग इंदुबाईकडं वळले. "मावशी, काल संध्याकाळीच आले ना हे पेणवरून? टेंपोनं?"

सगळे तिच्याकडं बघायला लागले. पिकल्या केसांची बाई पण. इंदुबाईला जन्मात एवढ्या शिकल्या माणसांनी एकदम बघितलं नव्हतं. आणि प्रश्नाला उत्तर तर एकच होतं. टेंपो आला होता. पेणवरनं आला होता. कालच.

"व्हय," ती म्हणाली. "टेंपोनंच आले."

बाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ये सच बोलती है," म्हणाली आणि हसली.

इकराचं तोंड उघडलं होतं. नम्रता मॅडमनी लेबलावरची नजर उचलून तिच्याकडं असं बघितलं की ते परत मिटलं. कमिटी चहाला गेली. इंदुबाई हातातलं फडकं पिळत उभी राहिली, आणि फडकं कोरडं होतं.

एप्रिलात निकाल आला. कॉलेजला श्रेणी वाढून मिळाली. पेणला फटाके वाजले म्हणतात. रोह्याला पेढ्यांचा खोका आला, शिपायांनासुद्धा एकेक. इंदुबाईनं पेढा तोंडात टाकला आणि नम्रता मॅडम कमिटीचं म्हणणं वाचायला लागल्या. मुख्य कॉलेजची प्रयोगशाळा सुसज्ज. शाखेला साधनं देण्याची पद्धत कौतुकाची. कर्मचारी प्रामाणिक. रोहा शाखेकडं विज्ञानासाठी स्वतःची साधनं नाहीत. सबब विज्ञानाचे वर्ग पेणला हलवावेत.

पेढा टाळूला चिकटला.

"साधनं नायत म्हंजी?" ती म्हणाली. "मंग त्या टेबलावर काय माजी सासू बसली हाय?"

मॅडम हसल्या नाहीत. "मावशी, आता कळवलं, की ते रोह्याचेच, तर पेण खोटं ठरतं. श्रेणी जाते. मग दोन्हीकडचंच बंद पडायचं."

"आनि नाय कळवलं तं?"

"तर एकीकडचं."

"मीच व्हय म्हनले ना."

"तुम्ही खोटं कुठं बोललात?"

"तेच तं," इंदुबाई म्हणाली. "खोटं बोलले असते तं निस्तरलं असतं."

दुसऱ्या दिवशी ती निडीला न उतरता तशीच गाडीनं पेणला गेली. मितेश सरांच्या खोलीबाहेर बाकावर बसली. आत बोलावलं. चहा मागवला. सर म्हणाले, "मावशी, नोकरीची काळजी करू नका. पेणला या, नाहीतर रोह्यालाच आर्ट्सच्या वर्गाला ठेवतो. तुमचं काही जात नाही."

"माजं नाय ओ सर. पोरींचं. अस्लमनं पोरींसाठी दिलेले ते. खांबवरनं मिनीडोर, मंग कोलाडवरनं रोहा, मंग गाडी. प्रॅक्टिकल सुटून परत जायाचं म्हंजी कोलाडला काळोख व्हतो. पुढं मिनीडोर मिळत नाय."

"पास मिळतो ना मुलींना."

"पासाला काय चाकं असतात?"

सरांनी आलेला चहा तिच्यापुढं सरकवला. वाईट माणूस नव्हता तो; वाईट असता तर शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. मग म्हणाले, अगदी हळू, समजावल्यासारखं, "पण मावशी, एक सांगू? मी तुम्हाला पुसून पाठवा म्हटलं होतं. टिळा तुम्ही ठेवलात. तो नसता, तर बाईंना दोन्हीकडं मायक्रोस्कोप दिसले असते. पेणचे पेणला, रोह्याचे रोह्याला. मला तसं बोलावंच लागलं नसतं."

इंदुबाईनं कप खाली ठेवला. येताना गाडीत बसायला जागा होती तरी ती दाराशी उभी राहिली. चोर म्हणतो, कुत्रा भुंकला नसता तर मला पळावं लागलं नसतं. असं काहीतरी तिला सुचलं, पण ते कासू स्टेशनच्या पुढं आल्यावर, आणि तिथं ऐकायला कोण होतं? आणि ते सुचूनही आतली टोचणी गेली नाही. कारण सर म्हणाले ते पुसायचं होतं, आणि तिनं पुसलं नव्हतं. नवऱ्याची रीत राखली आणि नवऱ्याची लॅब घालवली.

अस्लमचा आखातातून फोन आला म्हणे, नम्रता मॅडमना. खूप वेळ बोलला. शेवटी विचारलं, "तो फलक तरी हाय का दारावर?" मॅडम म्हणाल्या, रंग चालला होता. त्यावर त्यानं फोन ठेवला. मलिका एकदा येऊन गेली, दाखला न्यायला नाही, बोलायला. ओढणीनं घाम पुसत लॅबच्या पायरीवर बसली. "माज्या पोरीला शिकवायची नाय, असं नाय गो इंदुबाय. कालेज पेणला न्या नायतर दिल्लीला. सांजची पोरगी घरात कशी यायची, तेवढं मना कोनी सांगा." इंदुबाईनं तिला पाणी दिलं. इकराचं नाव रोह्यालाच राहिलं, पण कॉमर्सला. कोलाडच्या दोघी तिघी घरीच बसल्या. एकजण पेणला जाते म्हणाली. तिची मावशी तिथं राहते.

मे महिन्यात टेंपो आला. म्हातारे न्यायला, या खेपेला कायमचे. पेणहून निरोप होता, सगळं साफ करून द्या, नवीन नंबर टाकायचे आहेत. इंदुबाईनं परत तीच लुगडी काढली. इकरा कॉमर्सच्या प्रवेशाला आली होती, ती आत आली. कोट नव्हता अंगात. एका मायक्रोस्कोपच्या मानेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "मावशी, एक विचारू? का नाय सांगितलंस त्या दिवशी, आपलेच हायत म्हणून?"

"त्यानं इचारलं, टेंपोनं आले का."

"हां, पण..."

"तेवढंच इचारलं गो. मना वाटलं, पुढचं तो इचारील. आले कुठनं ते इचारलं, गेले कुठनं ते कोनी इचारलंच नाय." ती लुगड्याची गाठ मारत होती, ती सुटत होती. "आनि तू का नाय बोललीस? तुला तं इंग्रजी पन येतं."

इकरा खाली बघायला लागली. "मॅडमनी बघितलं."

"बघितलं खरं." इंदुबाईनं गाठ परत आवळली. "जा. तुज्या नव्या वर्गाची घंटी व्हईल."

"आज घंटी नाय मावशी. प्रवेश हायत नुसते."

"तरी जा."

इकरा दारापर्यंत गेली, थांबली, कपाटामागं वाकली. पत्र्याचा फलक ओढून काढला, ओढणीनं पुसला आणि काखेत मारून निघून गेली. इंदुबाईनं अडवलं नाही. दफ्तरात त्याची नोंद होती की नव्हती देव जाणे.

मग ती एकटी बसली. फडकं ओलं केलं. पहिला म्हातारा आडवा करून मांडीवर घेतला. टिळा अजून होता, इकराच्या बोटाचा, एका बाजूनं जरा फराटलेला. फडक्यानं निघेना. तेलातला होता. मग तिनं फडक्याला राखाडी लावली, जशी तपेल्याला लावतात, आणि घासला. कुंकू कसं पुसतात हे तिला ठाऊक होतं. जोर लावावा लागतो, आणि खालची जागा काही वेळ लाल राहते.

सगळे पुसून होईपर्यंत फडकं लालपिवळं झालं. एकही सोडला नाही.

जनू दारात येऊन उभा राहिला. "आटप गो बाय, पेणला अजून एक फेरी हाय. काय पुसत बसलीस एवढी?"

"धूळ."

त्यानं फडक्याकडं बघितलं. "एवढी लाल?"

"रोह्याची माती लालच असती," इंदुबाई म्हणाली. "धर. सांभाळून घे. मान वर करून धर, खाली पडली तं मोडंल."